हरिभाऊंचा विनोद

संपादक महाशय,

हरिभाऊ आपट्यांना विनोदाचे वावडे होते, तो मराठी गद्यात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीच आणला, हे आपल्या अंकातील एका लेखातले मत पटत नाही. कोल्हटकर आमच्या विदर्भाचे, तरीही हे श्रेय त्यांच्या पदरात टाकता येणार नाही. त्यांचे विनोदी लेख विसाव्या शतकातले. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्याआधी, १८९०च्या दशकात ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. त्यातले शंकरमामंजी पाहा. बाहेर सोवळेपणाचा डौल आणि घरात बायकोचा छळ, ही विसंगती हरिभाऊ व्याख्यान देऊन सांगत नाहीत. नायिका यमूच्या भाबड्या नजरेतून ती दिसते, आणि ढोंग आपोआप उघडे पडते. हरिभाऊंच्या सुधारकी प्रचारात माणसांचे बारकावे हरवतात, हा आक्षेप कुठे कुठे खरा आहे. हरिभाऊ पाल्हाळीक आहेत, हेही मान्य. पण निव्वळ प्रचारकाला सासरच्या बायकांचे टोमणे, मानापमान, रुसवेफुगवे इतके अचूक टिपता आले नसते. कादंबरीचा शेवट करुण म्हणून तिच्यात विनोद नाही, हा तर अजब न्याय! आपल्या लेखकाने ती शेवटाकडून वाचलेली दिसते.

आपला,
एक वाचक, सेलू (जि. वर्धा)