आधी पोते हलके करा

अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा, म्हणजे एक्सोस्केलेटन, आता कारखान्यांत आणि गोदामांत वापरला जाऊ लागला आहे. स्प्रिंगवर किंवा बॅटरीवर चालणारे हे साधन वाकताना-उचलताना कंबरेवरचा ताण कमी करते. उद्या ते नागपूरच्या कळमना बाजारातही येऊ शकेल. त्याची परीक्षा कशी घ्यायची, हे आपण आजच ठरवायला हवे.

2016 साली ‘एर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार बिनमोटरीच्या सांगाड्यांमुळे पाठीच्या स्नायूंवरचा भार 10 ते 40 टक्क्यांनी घटला. आकडा चांगला आहे. पण त्या बहुतेक चाचण्या प्रयोगशाळेतल्या. तिथे ना नवतपा असतो, ना ट्रकला लावलेली डुगडुगती फळी. शिवाय आपला हमाल पोते नुसते उचलत नाही. पाठीवर घेऊन चालतो, थप्पीवर चढतो. ते वजन मणक्यातूनच खाली उतरते. वाकताना आधार देणारी स्प्रिंग तिथे फारशी उपयोगाची नाही.

मी सॉफ्टवेअर अभियंता आहे, यंत्रांचा विरोधक नाही. म्हणूनच म्हणतो, चाचणी बाजारात घ्या, मे महिन्यात घ्या आणि पूर्ण पाळीभर घ्या. छातीवर, मांडीवर पट्टे काचतात का, ते पाहा. मजुरी पोत्यामागे मिळत असेल, तर वेग मंदावून कमाई घटते का, तेही मोजा. पट्टा नको म्हणणाऱ्याचे काम जाता कामा नये. सेन्सरने टिपलेली माहिती मुकादमाच्या हाती पडता कामा नये.

सर्वात मोठा प्रश्न पोत्याचाच आहे. अमेरिकेतल्या नियॉश या संस्थेचे 1991 चे सूत्र अगदी आदर्श स्थितीतही 23 किलोपासून सुरू होते. परिस्थिती बिघडेल तशी मर्यादा आणखी खाली येते. आपल्याकडे धान्याचे पोते सर्रास 50 किलोचे असते. ते अर्धे करायला बॅटरी लागत नाही. ढकलगाडी आणि सरकता पट्टाही आधी हवा. हे सारे करूनही जे वाकणे उरेल, त्यासाठी सांगाडा जरूर आणा.

1969 च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रातल्या हमालांना मंडळे मिळाली. त्या मंडळांवर मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी असतात. चाचणीच्या अटी तिथे ठरवता येतील. मित्रांनो, तुमच्यातले अनेक जण अभियांत्रिकी शिकत आहात. यंत्र बनवण्याआधी हमालाला विचारा, कुठे दुखते. आणि यंत्र पास की नापास, हेही त्यालाच ठरवू द्या.