विजय मल्ल्याला परत आणा, न्यायालयापुढे उभा करा!

जामसर आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांवरील बंधू-भगिनींनो,

दिवाळी सरली की आपली माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. त्याआधीच उचल घेतलेली असते. ती फिटायच्या आत कुणी घरी परतला, तर मालकाचा माणूस दारात येऊन उभा राहतो. 2021 साली मोखाडा तालुक्यातली बातमी राज्यभर छापून आली. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या 500 रुपयांपायी बापाला मालकाकडे राबावं लागलं आणि शेवटी त्याने जीव दिला, अशी तक्रार पोलिसांत नोंदवली गेली. वेठबिगारी तर कायद्याने 1976 सालीच बंद झालेली!

आता विजय मल्ल्याचं पाहा. कर्नाटकातून दोनदा राज्यसभेवर गेलेला हा माणूस. त्याच्या किंगफिशर विमान कंपनीला बँकांनी हजारो कोटी दिले, त्यात आयडीबीआयचे 900 कोटी. 2012 मध्ये विमानं थांबली तेव्हा कामगारांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. ऑक्टोबर 2015 मध्ये सीबीआयने विमानतळांवर कळवलं, हा दिसला तर अडवा. पुढच्याच महिन्यात आदेश बदलला. अडवू नका, फक्त कळवा! 2 मार्च 2016 रोजी, खासदार असतानाच, तो लंडनला निघून गेला. नंतर सीबीआय म्हणाली, निर्णयात चूक झाली. ही चूक कुणाची, हे नावानिशी सांगा.

लंडनच्या न्यायालयाने 10 डिसेंबर 2018 रोजी त्याला भारताच्या ताब्यात द्यायला हरकत नाही असा निकाल दिला. एप्रिल 2020 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्याचं अपील फेटाळलं. आर्थर रोड तुरुंगाच्या 12 नंबर बराकीत उजेड येतो का, यावरही वाद झाला आणि न्यायाधीशांनी त्या बराकीचं चित्रीकरण मागवून घेतलं. कैद्याच्या हक्काची एवढी काळजी घ्यायलाच हवी, पण तीच काळजी आमच्या कच्च्या कैद्यांचीही घ्या. अपील संपलं, तरी मल्ल्या लंडनमध्येच राहिला. ब्रिटिश सरकार म्हणालं, एक गोपनीय कायदेशीर बाब बाकी आहे. एका गोपनीय बाबीपुढे दोन देशांचा करार असा अडून राहतो?

11 जुलै 2022 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला 4 महिने कैद आणि 2,000 रुपये दंड ठोठावला. न्यायालयाचा हुकूम मोडून त्याने 4 कोटी डॉलर मुलांच्या नावे वळवले होते. ही शिक्षा अवमानाची आहे. कर्जाच्या अफरातफरीचे आरोप अजून सिद्ध व्हायचे आहेत, आणि आरोपीच इथे नसेल तर ते सिद्ध होणार कसे?

मल्ल्या म्हणतो, घेतलं त्याहून जास्त वसूल झालं. त्याच्या 14,131 कोटींच्या मालमत्तेतून बँकांना पैसा परत मिळाला, असं सरकारनेही डिसेंबर 2024 मध्ये संसदेत सांगितलं. मिळाला, चांगलं झालं. पण मुद्देमाल सापडला म्हणून आमच्यापैकी कुणाची केस पोलिसांनी कधी बंद केली आहे का? निर्दोष असेल तर त्याने इथे येऊन तसं सांगावं, न्यायालय ऐकून घेईल.

पेसा कायद्याने आपल्या ग्रामसभेला बळ दिलं आहे. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: मल्ल्याचं प्रत्यार्पण नेमकं कशावर अडलं ते केंद्र सरकारने लेखी जाहीर करावं, 2015 चा आदेश कुणी बदलला ते सांगावं, आणि उचलीपायी मजुराला डांबणाऱ्या मालकावर या तालुक्यांत तात्काळ गुन्हा नोंदवावा. ठरावाची प्रत खासदारांना आणि पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

जामसर परिसरातील मजूर व शेतकरी