एकही माइनस्वीपर नसलेलं नौदल

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या नौदल गोदीत सुरत आणि निलगिरी या युद्धनौका आणि वाघशीर ही पाणबुडी, अशा तिघी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिघीही आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. मग जूनमध्ये अर्नाळा, जुलैत रशियात बांधलेली तमाल, ऑगस्टमध्ये उदयगिरी आणि हिमगिरी. अर्नाळ्याचं नाव युद्धनौकेला मिळालं म्हणून वसई-विरारकरांची कॉलर टाईट झाली, आणि ते योग्यच आहे.

पण या फोटोंखाली "आता कुणाची हिंमत आहे?" असं लिहिणाऱ्यांना माझा एकच प्रश्न. आपल्या नौदलाकडे माइनस्वीपर किती आहेत? म्हणजे समुद्रात पेरलेले सुरुंग शोधून निकामी करणारी खास जहाजं.

शून्य.

एकेकाळी सोव्हिएत बनावटीच्या बारा होत्या. म्हाताऱ्या होत होत एकेक निवृत्त झाली, शेवटची कोझिकोड २०१९ मध्ये. आता इतर जहाजांवर बसवायची सुरुंगशोधक यंत्रणा आहे, पण ती वेळ मारून नेण्याची सोय.

याने काय बिघडतं? ऑगस्ट २०१० आठवा. मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. चित्रावरचे कंटेनर पाण्यात पडले आणि मुंबई आणि जेएनपीटी ही दोन्ही बंदरं काही दिवस ठप्प. तरंगणारे कंटेनर निदान दिसत तरी होते! सुरुंग दिसत नाही. आणि तो पेरायला शत्रूला विमानवाहू नौका लागत नाही, रात्रीच्या अंधारात एक साधी बोट पुरते. खरं तर सुरुंग असायचीही गरज नाही. "असू शकतात" एवढी बातमी पसरली की विमा कंपन्या हात वर करतात आणि जहाजं बाहेरच नांगर टाकतात. माहुलच्या रिफायनऱ्यांचं कच्चं तेल याच बंदरातल्या जवाहर द्वीपावर उतरतं. त्या चॅनेलमधून पुन्हा सुरक्षित वाट आहे, हे सांगणार कोण? सुरत सांगणार? तिलाच बाहेर पडायला आधी कुणीतरी वाट साफ करून द्यावी लागेल.

१९८८ मध्ये इराणच्या आखातात अमेरिकेची सॅम्युएल बी. रॉबर्ट्स ही युद्धनौका एका सुरुंगावर आदळून बुडता बुडता वाचली. सुरुंगाची किंमत साधारण दीड हजार डॉलर, दुरुस्तीचं बिल जवळपास नऊ कोटी डॉलर.

आता आपला इतिहास बघा. २००८ मध्ये आठ जहाजांचं टेंडर निघालं, कोरियन कंपनी निवडली गेली, २०१४ मध्ये दलालांच्या संशयावरून सगळं रद्द. मग काम गोवा शिपयार्डकडे. १३ नोव्हेंबर २०१६ ला गोव्यात खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते या कामाचा शुभारंभ झाला. (नोटाबंदीनंतर पन्नास दिवस मागितले ते भाषण याच कार्यक्रमातलं. भाषण सगळ्यांना आठवतं, जहाजं कुणालाच नाहीत.) त्याच कोरियन कंपनीशी बोलणी फिसकटली आणि २०१८ मध्ये पुन्हा शून्यापासून सुरुवात. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने परत एकदा "गरज मान्य" केली. गरज! शुभारंभानंतर जवळपास नऊ वर्षांनी.

तेव्हा काँग्रेसवाल्यांनी फार खूश होऊ नये, पहिली सहा वर्षं तुम्हीच घालवलीत. आणि भाजपवाल्यांनी २०१४ नंतरचा हिशोब नेहरूंकडे मागू नये.

कुणी म्हणेल, आता हे काम पाण्याखालचे ड्रोन करतात. करतात ना, पण ते घेऊन जाणारं, सोडणारं आणि त्यांची माहिती वाचणारं जहाज लागतंच. आणि कुणी म्हणेल, असं उघड बोलून शत्रूला सांगताय. अहो, संसदेच्या संरक्षणविषयक समितीने या उणिवेवर कधीच बोट ठेवलंय, शत्रूला पेपर वाचता येतो.

मला वाटतं खरं कारण वेगळंच आहे. माइनस्वीपर फोटोत भाव खात नाही. छोटी, हळू चालणारी, फायबरग्लासची, तिच्यावर ना ब्रह्मोस ना मोठी तोफ. तिच्यासमोर उभं राहून कोण छाती फुगवणार?

मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खासदारांनी, पक्ष कुठलाही असो, पुढच्या अधिवेशनात एवढंच विचारावं: बारापैकी पहिली माइनस्वीपर नौदलाच्या ताब्यात कुठल्या तारखेला येणार? साल नको, तारीख सांगा.