पोट लहान केलं, पुढे काय?



आपल्या समुपदेशन केंद्रांच्या नोंदवहीत मारहाण, हुंडा, पोटगी, घराचा हक्क असे रकाने असतात. गेल्या काही वर्षांत यातल्या एकाही रकान्यात न बसणारं दुखणं घेऊन बायका माझ्याकडे येऊ लागल्या आहेत. "वजन उतरवायचं ऑपरेशन केलं. तीस किलो गेलं, सगळ्यांनी कौतुक केलं. आता घर झोपलं की मी फरसाणाचा डबा घेऊन बसते आणि थांबताच येत नाही. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. कुणाकडे जाऊ?"

ही सुखवस्तू बायकांची दुखणी, त्यात संघटनेनं कशाला पडावं, असं आपल्यातल्याच काही जणी म्हणतात. मला ते पटत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायकांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळलं. माझ्याकडे येणाऱ्यांत मधुमेहासाठी, गुडघ्यांसाठी ऑपरेशन केलेल्या आहेत, तशाच लग्न जमेना म्हणून आईवडिलांनी कर्ज काढून करवून घेतलेल्याही आहेत. (ऑपरेशननंतर साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते. लग्नाच्या घाईत हे कितीजणींना सांगितलं जातं?)

मी शस्त्रक्रियेच्या विरोधात लिहीत नाही. अनेकींचा मधुमेह तिच्यामुळे आटोक्यात येतो, चालणं सुधारतं. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात; 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. भूक काही काळ खरोखर कमी होते. पण जी बाई वर्षानुवर्षं राग गिळायला, एकटेपण बुजवायला खात आली, तिचा आधार एका सकाळी काढून घेतला जातो आणि त्या जागी काहीच दिलं जात नाही. मग खाणं वेगळ्या रूपात परततं. ताटभर जात नाही, म्हणून दिवसभर थोडंथोडं चरत राहणं. चावून थुंकणं. मुद्दाम उलटी काढणं. काहीजणी दारूकडे वळतात. बायपासनंतर दारू लवकर चढते, आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचा धोका वाढतो, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २०१२ साली दिसलं. ऑपरेशनआधी मानसतज्ज्ञाची एक भेट होते खरी, पण माझ्या पाहण्यात ती बहुधा 'हरकत नाही' एवढं लिहून देण्यापुरती असते. नंतरच्या तपासण्यांत आहारतज्ज्ञ भेटते, वजनकाटा भेटतो. मन विचारणारं कुणी भेटत नाही.

घर मात्र जसंच्या तसं असतं. ऑपरेशननंतर थोडंथोडं, पाच-सहा वेळा, सावकाश चावून खायचं असतं. आधी प्रथिनं, जेवताना पाणी नाही. ज्या घरात बाईनं सर्वांत शेवटी बसायचं, उरलंसुरलं संपवायचं आणि ओट्यापाशी उभ्यानं चार घास ढकलायचे, तिथे तिनं अकरा वाजता वाटीभर मोड आलेले मूग घेऊन वीस मिनिटं बसायचं कसं? "सारखी खातेच आहेस, मग एवढे पैसे कशाला घातले?" हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. संकष्टीला दिवसभर उपाशी राहिलेल्या बाईचा रात्री ताबा सुटला तर त्याला मनाचा दुबळेपणा म्हणायचं का? सूझी ऑरबाख यांनी १९७८च्या 'फॅट इज अ फेमिनिस्ट इश्यू' या पुस्तकात बाईचं खाणं तिच्या जगण्याशी जोडून पाहिलं. आपल्याकडे ते पाहायला स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी लागेल.

म्हणून थेरपिस्ट शोधताना दोन गोष्टी एकत्र हव्यात: तिला हे घर कळायला हवं आणि हे कापलेलं पोटही कळायला हवं. नुसती सहानुभूती पुरत नाही. सतत उलट्या होणाऱ्या बाईला 'ताण आहे' म्हणून गप्पा मारत बसवणं धोक्याचं आहे. बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते, तिला त्याच दिवशी सर्जनकडे पाठवायला हवं. मानसोपचारतज्ज्ञानं औषध लिहिण्याआधी कोणतं ऑपरेशन झालं ते विचारायला हवं, कारण बायपासनंतर गोळ्या पूर्वीसारख्या शोषल्या जातीलच असं नाही. आणि 'इतकंसंच तर खाल्लंत, याला अतिखाणं कसं म्हणायचं?' असं जी म्हणेल तिच्याकडे पुन्हा जाऊ नये. या पोटात मोठा ढीग मावतच नाही. ताबा सुटल्याची भावना हीच इथली खूण आहे.

पहिल्याच भेटीत विचारायला लाजू नका. खाण्याच्या विकारांवर काम केलंय का? ऑपरेशन झालेल्या किती जणी पाहिल्या? माझ्या सर्जनशी, आहारतज्ज्ञाशी माझ्या परवानगीनं बोलाल का? मी सांगितलेलं नवऱ्याला सांगणार नाही ना? पाटीही नीट वाचा. मानसोपचारतज्ज्ञ हा औषध देऊ शकणारा डॉक्टर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तिचा क्रमांक मागता येतो. 'समुपदेशक' या पाटीमागे किती शिक्षण आहे ते मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. एखादी पहिल्याच दिवशी काट्यावर उभं करून 'परत किती चढलं?' म्हणाली, तर उठून यावं हे माझं स्पष्ट मत.

पैशांचं काय? बीएमआय ४०, किंवा गंभीर आजारासह ३५ असेल, तर आरोग्यविमा बहुतेकदा ऑपरेशनचा खर्च देतो. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं, असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही सांगतो. तरी बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि दर आठवड्याच्या भेटींची फी बाईच्याच पर्समधून जाते. किंवा जात नाही, भेटीच थांबतात. सरकारी 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून मोफत आहे. जीव नकोसा झाला असेल त्या रात्री तो जरूर फिरवावा, पण खाण्याच्या दीर्घ उपचाराची जागा तो घेऊ शकत नाही.

तोवर आपण आपली यादी करू. पुढच्या अंकाआधी प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या, अशा कामाची जाण असलेल्या थेरपिस्टची माहिती कळवावी: शिक्षण, फी, कमी फी घेतात का, मराठीत बोलतात का, आणि त्यांच्याकडे जाऊन आलेल्या बाईला काय वाटलं. बाईचं नाव मात्र कळवू नये.