तोतयेपणाचे भय

‘तोतया’ हा शब्द मराठी माणसाला इतिहासाने शिकविला. पानिपतावर १७६१ साली नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ ते आपणच, असे सांगत एक इसम पुढे आला. त्याने माणसे जमविली, कोकणातील किल्ले ताब्यात घेतले आणि अखेर १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. जे आपले नव्हे त्यावर बेधडक हक्क सांगणे, हे खऱ्या तोतयाचे लक्षण. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील अनेक स्त्रियांची अवस्था आज याच्या नेमकी उलट आहे. पदवी स्वतःच्या बुद्धीने मिळविलेली, नोकरी रीतसर मुलाखत देऊन मिळालेली, लिहिलेली आज्ञावली बिनचूक चालणारी. तरीही मनात एकच धास्ती, की आपण येथे चुकून आलो आहोत आणि आज ना उद्या आपले बिंग फुटणार!

या धास्तीला शास्त्रीय नाव मिळाले ते १९७८ साली. पॉलिन क्लान्स आणि सुझान आईम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवर आधारलेला निबंध त्या वर्षी प्रसिद्ध केला. आपले यश या स्त्रिया दैवाला, परीक्षकाच्या चुकीला किंवा केवळ कष्टाला बहाल करीत. बुद्धीला मात्र कधीच नाही. लेखिकांनी याला रोग म्हटले नव्हते. ‘सिंड्रोम’ हा शब्द पुढे रूढ झाला आणि त्याबरोबर दोष त्या स्त्रीच्या मनातच आहे, ही समजूतही रूढ झाली. नंतरच्या संशोधनात हीच भावना पुरुषांमध्येही आढळली. तेव्हा प्रश्न उरतो तो हा, की स्त्रीच्या बाबतीत ती इतकी का मुरते?

याचे उत्तर मनात शोधण्याआधी इतिहासात शोधले पाहिजे. अमेरिकेतील ‘एनिअॅक’ या आद्य विद्युत्संगणकाचे जाहीर प्रात्यक्षिक १९४६ च्या फेब्रुवारीत झाले. त्यावर गणित चढविण्याचे काम सहा तरुणींनी केले होते. हाताशी मार्गदर्शक पुस्तक नसताना केवळ यंत्राच्या आराखड्यांवरून त्यांनी ही विद्या आत्मसात केली. समारंभात गौरव झाला तो इतरांचा. पुढे काही दशकांनी एका विद्यार्थिनीने जुन्या छायाचित्रांतील या स्त्रिया कोण, अशी चौकशी केली, तेव्हा यंत्राची शोभा वाढविण्यासाठी उभ्या केलेल्या त्या तरुणी असाव्यात, असे उत्तर तिला मिळाले. ज्यांनी यंत्र चालविले त्याच तोतया ठरल्या!

आपल्याकडची स्थिती निराळी नव्हती. अठराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, पदरी लहान मूल असलेल्या ए. ललिता मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून १९४३ साली विद्युत् अभियंता झाल्या, तेव्हा प्रमाणपत्रावर छापलेले पुल्लिंगी सर्वनाम खोडून तेथे स्त्रीलिंगी घालावे लागले. १९७४ साली ‘टेल्को’ला अभियंते हवे असल्याच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे स्पष्ट छापलेले होते. त्यावेळी बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि पुण्याच्या कारखान्यात प्रवेश मिळविला. ज्या दारावर ‘तुमचे येथे काम नाही’ अशी पाटी होती, त्या दारातून आत गेल्यावर पाटी निघाली तरी तिची अक्षरे मनात राहतात.

ती आजही नव्याने लिहिली जातात. देशातील आयआयटींत दर दहा विद्यार्थ्यांमागे एक मुलगीही नसे. म्हणून २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण करण्यात आल्या आणि २०२० पर्यंत हे प्रमाण सुमारे एक-पंचमांशावर गेले. या जागा मुलांच्या जागा कमी करून दिलेल्या नव्हेत. त्यांवर प्रवेश मिळणाऱ्या काही मुलींचा गुणानुक्रम खालचा असतो, हे खरे. परंतु तीच कठीण प्रवेशपरीक्षा त्या उत्तीर्ण झालेल्या असतात आणि आत गेल्यावर अभ्यास, परीक्षा व पदवी यांत कसलीही सूट नसते. मुलाला शिकवणीसाठी कोट्याला धाडणारे पालक मुलीच्या बाबतीत हात आखडता घेतात, हा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. ‘तू जागेमुळे आलीस’ हे वाक्य चार वर्षे ऐकलेली मुलगी नोकरीत गेल्यावर तेच स्वतःला ऐकवू लागली, तर नवल कसले?

येथे एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. कामाविषयीची शंका निराळी आणि हक्काविषयीची शंका निराळी. आज्ञावली लिहिणाऱ्याला आपल्या कामाविषयी शंका हवीच. ती नसेल तर तो चाचणी घेणार नाही आणि चूक गिऱ्हाइकाच्या पदरी पडेल. शिवाय या व्यवसायात साधने दर काही वर्षांनी बदलतात, त्यामुळे अज्ञान ही सर्वांचीच नित्याची अवस्था आहे. एखादा पुरुष सहकारी ‘हे पाहावे लागेल’ म्हणून मोकळा होतो. स्त्रीला मात्र तेच अज्ञान आपल्या अपात्रतेचा पुरावा वाटते. मग ती बैठकीत गप्प राहते, बढतीसाठी अर्ज करीत नाही आणि एखाद्या दिवशी घरचे कारण सांगून नोकरी सोडते. समाजाची यात केवढी हानी आहे!

यावर ‘आत्मविश्वास बाळगा’ हा उपदेश निरुपयोगी आहे. आत्मविश्वास मागून येत नसतो, पुराव्याने येतो. केलेल्या कामाची, सोडविलेल्या अडचणींची नोंद वहीत तारीखवार ठेवावी. मन खोटी साक्ष देऊ लागले की ती वही उघडावी. दुसरा उपाय बोलण्याचा. ही भीती गुप्ततेवर जगते, म्हणून क्लान्स आणि आईम्स यांनी अशा स्त्रियांनी एकत्र बसून बोलण्यावर भर दिला होता. शेजारच्या हुशार बाईलाही हेच वाटते असे कळले की भीतीचा निम्मा जोर ओसरतो. परंतु सगळा भार स्त्रीवर टाकून संस्थांना मोकळे होता येणार नाही. बढतीचे निकष लेखी असावेत, केलेल्या कामावर करणाऱ्याचे नाव असावे, आणि बैठकीचे टिपण घेण्याचे काम दर वेळी एकमेव बाईकडे जाऊ नये. या गोष्टींना पैसा लागत नाही.

सर्वांत मोठी जबाबदारी शाळेची आणि घराची आहे. मुलगा गणितात पहिला आला की ‘डोके आहे’, आणि मुलगी आली की ‘कष्टाळू आहे’, असे म्हणण्याची रीत अजून गेलेली नाही. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते; परंतु बुद्धी एकाच्या खात्यावर आणि घोकंपट्टी दुसरीच्या खात्यावर जमा होते, ती तेव्हापासून. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून माफ केले. शिक्षक, कारकून यांच्या घरांतील कितीतरी मुली त्यामुळे अभियांत्रिकीकडे वळू शकतील. त्या तेथे पोहोचतील तेव्हा, येथे येण्याचा आपल्याला हक्क होता काय, हा प्रश्न त्यांना पडू नये, ही व्यवस्था शासनाच्या आदेशाने होणार नाही. ती वर्गात आणि माजघरात, मुलीच्या यशाला तिच्या बुद्धीचे यश म्हणण्यापासून सुरू करावी लागेल.