वहीखाते नसलेली भागीदारी

"भावाभावांत हिशेब कसला?" हे वाक्य आपल्या समाजात मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. मला मात्र वाटते, की वाटणीच्या पुष्कळशा दाव्यांचे मूळ याच वाक्यात आहे.

दोन परकी माणसे भागीदारीत किराणा दुकान काढतात, तेव्हा वर्षअखेर ताळेबंद मांडतात. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे एकमेकांना खरा हिशेब दाखवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. एकत्र कुटुंब ही त्याहून मोठी भागीदारी. तिथे मात्र वही नाही. अफरातफर सिद्ध झाल्याखेरीज कर्त्याकडे मागील वर्षांचा हिशेब सहसा मागता येत नाही. वाटणीच्या वेळी जे शिल्लक असेल तेच वाटायचे. म्हणजे ज्याने वीस वर्षे घातले आणि ज्याने वीस वर्षे नेले, ते दोघे त्या दिवशी सारखेच!

आमच्या घरचा दावा मी पहिलीत होते तेव्हापासून चालू आहे. जमीन थोडीच, भात निघाल्यावर मसूर पेरावा एवढी. पण खरे भांडण जमिनीचे नाहीच. विहिरीवरचा पंप कोणाच्या पगारातून आला, आजोबांच्या आजारपणाचा खर्च कोणी केला, आत्याच्या लग्नाचे कर्ज कोणी फेडले, हे कोणीच लिहून ठेवले नाही. आज प्रत्येकाची आठवण निराळी आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. माझ्या कन्नड मैत्रिणींच्या घरी वाट्याला 'पालु' म्हणतात. शब्द वेगळा, रडगाणे तेच.

आत्याची बाजू तर अधिक बोलकी आहे. आजी आधीच गेलेली, आजोबा २००५ पूर्वी वारले. त्या वेळच्या हिशेबाने वडिलोपार्जित जमिनीतला एक नवमांश आत्याला आणि चार-चार नवमांश दोघा भावांना. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने स्पष्ट झाले, की आधीच वाटणी झालेली नसेल तर मुलीचा हक्क मुलाइतकाच आणि जन्मतःच आहे. वडील २००५ साली हयात असोत वा नसोत. आता तिघांना सारखा तिसरा हिस्सा. एरवी एकमेकांशी न बोलणारे बाबा आणि काका आत्याकडे हक्कसोडपत्रावर सही मागताना मात्र एक होतात! तिच्या लग्नाचा खर्च तिच्या नावे मांडला जातो. भावांच्या शिक्षणाचा खर्च कोणाच्याच नावे नाही. अशा एकतर्फी खात्याला आमचे प्राध्यापक हिशेब म्हणणार नाहीत. उद्या अशीच सही माझ्याकडे मागितली जाईल, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे.

कोर्ट वाईट नाही. पण त्याची वाट लांबची. प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त हिस्से ठरतात. मग शेतजमिनीची वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, घरासाठी कमिशनर, त्यानंतर अंतिम हुकूमनामा आणि पुढे अपिले. कोर्ट जमीन मोजू शकते. न लिहिलेली वीस वर्षे कशी मोजणार?

मित्रमैत्रिणींनो, हिशेबाने प्रेम आटते असे वडीलधारी म्हणतील. बाजारातला अनुभव उलट आहे. हिशेब चोख असतो तिथेच भागीदारी टिकते. तेव्हा आईवडील हयात असतानाच घरात एक वही घाला. कोणी किती घातले, कोणी किती नेले, बहिणीचा वाटा किती, हे सर्वांनी वाचून खाली सह्या कराव्यात. व्यापारी पाडव्याला नवी वही उघडतात. आपणही तोच दिवस धरावा. दुसऱ्याच दिवशी भाऊबीज असते.