दम घामाचा की सुईचा?

माण तालुक्यातल्या मोहीच्या शेतकऱ्याची लेक ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकात ३००० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत दहावी आली. पहिली आलेली बहारीनची रूथ जेबेट पुढे डिसेंबर २०१७ च्या तपासणीत सापडली. तांबड्या रक्तपेशी वाढवणाऱ्या 'ईपीओ'पायी तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. रिओचे सुवर्णपदक तिच्याकडेच राहिले. ते रास्तच, कारण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पण मनातली शंका कोण पुसणार?

आपली पोरे भरतीसाठी पहाटे पळतात. "सुई घे, दम वाढेल" म्हणणारा भेटला, तर सांगा : अशाने रक्त दाट होते, काळजावर ताण येतो. बाळा, दहावा ये. पण आपल्या दमावर ये.